परत करायचा फोटो

इसोहामा, ६ ऑक्टोबर १९९७

ती. कियोए ताईस,
तेप्पेईचा सा. न. वि. वि.

आई बरी आहे. मासळीच्या वखारीतलं माझं कामही ठीक. काल गावातल्या बँकेचे शाखाधिकारी नागाकुबो घरी आले, आईपुढे जमिनीला डोकं टेकलं आणि तुझ्यासाठी स्थळ काढलं. मुलगा त्यांच्याच मुख्य कचेरीतला, इसोगाई नावाचा. फोटो ठेवून गेलेत. आईनं तो लगेच देव्हाऱ्यात बाबांच्या तसबिरीपुढे ठेवला. तुझ्या तेहतिसाव्या वर्षी स्थळ चालून आलं म्हणून ती हरखली आहे.

मला मात्र हे खटकतंय. तू टोकियोत बँकांच्या बुडीत कर्जांवर अहवाल लिहितेस, त्यात यांचीही बँक, आणि नेमकं आत्ताच यांना तुझं लग्न आठवावं? निघताना नागाकुबोंनी सहज विचारलं, की ताईंची नि इसोगाईंची आधीची ओळख आहे का हो. विचारलं सहज, पण नजर माझ्या तोंडावरून हलेना.

फोटो ठेवून घेतला की होकार धरतात. लगेच कळव. माया असू दे.

तेप्पेई


टोकियो, ९ ऑक्टोबर

चि. तेप्पेईस अनेक आशीर्वाद.

लहानपणी तू पोस्टमनचीसुद्धा उलटतपासणी घ्यायचास, म्हणून मी तुला चिडवायचे. आज हसू आलं नाही. पत्र मुद्दाम वखारीच्या पत्त्यावर पाठवते आहे. वाचून भट्टीत टाक.

दडवलेली कर्जं मला दाखवून दिली ती इसोगाईंनीच. बँकेला वास लागलाय. इसोगाईंचं नाव काढल्यावर मी दचकते की खुलते, एवढंच नागाकुबोंना बघायचंय. ओळख कळली तर इसोगाईंची नोकरी जाईल आणि अहवालही दाबला जाईल.

फोटो उद्याच परत नेऊ नकोस. घाईचा नकारही संशयाचाच. आठवडाभरानं मिठाईची पेटी घेऊन जा आणि नेहमीचंच बोल, की घराणं मोठं, आमची मुलगी कमी पडेल. आईला काही सांगू नकोस. जपून राहा.

ताई


इसोहामा, १८ नोव्हेंबर

ती. ताईस सा. न. वि. वि.

फोटो दिला. तिनं पाहिला का, असं नागाकुबोंनी विचारलं. मी सांगितलं, छे, तिनं फक्त पगार विचारला आणि फोन आपटला. यावर ते पोट धरून हसले, म्हणाले, अर्थशास्त्रीणबाई शोभते खरी! मग माझ्या देखत तोच फोटो चहावाल्या हिराबायाशींच्या मुलीसाठी बाजूला काढला. तिकडून होकारही आला. वरिष्ठांनी आणलेलं स्थळ इसोगाई नाकारणार कसे? पुन्हा संशय यायचा. वसंतात लग्न आहे.

आई माझ्याशी बोलत नाही. बहिणीचं लग्न मोडलंस म्हणते. ताई, मी बरोबर केलं ना?

तेप्पेई


टोकियो, २ एप्रिल १९९८

चि. तेप्पेईस आशीर्वाद.

अहवाल छापून आला. त्यात त्यांचं नाव कुठेच नाही आणि त्यांची नोकरी शाबूत आहे. तू अगदी बरोबर केलंस. आईवर रागावू नकोस, तिलाही मुलगा आवडला होता.

लग्नाचा आहेर चारचौघांसारखा पाठव. त्यावर आईचं नाव घाल, माझं नको.

ताई