सांडव्याच्या जागी देव

॥ अडलेले पाणी आणि अडलेले कागद ज्याच्या कृपेने वाट धरतात, त्या विघ्नहर्त्यास वंदन ॥

वैशाख वद्य द्वादशी

श्रीमान धनराजजी, आलापल्ली, यांस व्याही डोमाजीचा सविनय नमस्कार. आपला गुडघा आता मांडी घालू देत असेल, विहीणबाई कुशल असतील, अशी आशा. आपली लेक पायल येथे सुखात आहे. मी मात्र स्वस्थ नाही. दोन ओळी लिहिल्या की उठून आभाळ पाहून येतो.

आमच्या बोडीची (भाताला पाणी पुरवणाऱ्या लहान तळ्याची) पाळ गेल्या पावसात फुटली आणि रोवणी (लावलेला भात) वाळली, हे आपण जाणताच. जादा पाण्यास सांडवा काढून दिला नाही, तर यंदाही तेच. त्यासाठी सरकारी योजना आहे, एवढे सर्वांस ठाऊक. कोठे आहे, हे कोणासच नाही. एका कार्यालयात म्हणाले, शेत आमचे, पाणी नव्हे. दुसऱ्यात म्हणाले, पाणी आमचे, पाळीवरची झाडे नव्हेत. तिसऱ्यात झाडे त्यांची निघाली, पण शेत नव्हे, म्हणून मी पुन्हा पहिल्यात. ब्रह्माचे वर्णन नकारानेच करावे लागते, असे मी प्रवचनांतून जन्मभर सांगितले. प्रचिती त्या व्हरांड्यांत आली.

अखेर मोनाली नावाच्या कृषी सहायक मुलीने योजना शोधून मंजूर करवली, बोडीवर येऊन चुना लावलेला गोटा रोवला आणि म्हणाली, "बाबाजी, हा हलवू नोका. इथूनच सांडवा खोदाचा हाय." ती गेल्यावर मी (पूजनाविना भूमीस कुदळ लावणे शास्त्रसंमत नाही) त्या गोट्यास शेंदूर लावला, फुले वाहिली, नारळ फोडला. सकाळी सरपणाला निघालेल्या शेजारच्या चंदाबाईंनी तो पाहिला, आणि बोडीत देव निघाल्याची वार्ता दुपारच्या आत पंचक्रोशीत पोचली. खोदायचे यंत्र घेऊन आलेल्या पवनने चपला काढल्या, हात जोडले आणि यंत्र माघारी वळवले. "देवावर बकेट नाई टाकत मी, भाऊ. मले लेकरंबाळं हायेत."

हा केवळ मापाचा दगड आहे, असे मी गर्दीपुढे साधार प्रतिपादन केले. चंदाबाई म्हणाल्या, "एवढ्या पोथ्या वाचता अन् देवाले गोटा म्हणता? काऊन, ऊन लागलं का तुमाले?" मोनालीस बोलावले. तिने कपाळाला हात लावला. "तुमीच बसवला बाबाजी, तुमीच उठवा. मृगाच्या आत काम नाई लागलं तं मंजुरी जाते."

लोभ असावा.
आपला,
डोमाजी

ता.क. लेकीस भेटायला आपण फार दिवसांत आला नाहीत. येत्या रविवारी अवश्य यावे, आणि परतताना देवास रीतसर पाहुणचाराचे आमंत्रण देऊन सोबत न्यावे. (चंदाबाईंना विचारून ठेवले आहे. "सोयऱ्याकडं जाते तं जाऊ द्या, सोयऱ्याले नाई कसं म्हणावं," असे त्या म्हणाल्या.) मोनाली नवा गोटा रोवील, मी तिकडे फिरकणार नाही.

दुसरा ता.क. येताना नारळ आणू नयेत. पायल रोज चटणीच करीत आहे.

तिसरा ता.क. आताच आभाळ फार भरून आले, म्हणून बोडीवर जाऊन त्या गोट्यालाच म्हटले की सांडवा होईतो पाऊस थांबव. ढग पांगले. तेव्हा आपल्याकडे त्यास गोठ्याजवळ ठेवू नये. सावलीची आणि मानाची जागा द्यावी.

हे पत्र जो वाचील, त्याच्या शेतात पाणी टिको, आणि त्याचा देव त्यास सोयीच्या जागी भेटो.