पहिला मासा लागेपर्यंत

रावेझो, ९ फेब्रुवारी १९६४

ती. स्व. भाऊजींस,
डेल्फीनाचा सा. न. वि. वि.

इकडे सगळे ठीक आहे असे लिहायची रीत आहे, म्हणून लिहिते. शेळ्या व्याल्या, बर्फ अजून खिडकीपर्यंत आहे आणि तुमचे धाकटे बंधू हाक मारली तरी ढिम्म हलत नाहीत. आधी वाटले, रुसलेत. परवा चर्चची घंटा डोक्यावर वाजत असताना मला विचारतात, आज पाद्रीबाबा उठले नाहीत की काय? तेव्हा उमगले. त्यांना म्हटले, तर उलट मलाच सांगतात की तू हल्ली पुटपुटतेस.

घरात बहिरा नवरा चालेल, मी दुप्पट ओरडेन. पण एक मार्चला ट्राउट माशांचा हंगाम उघडतो आणि हे एकटे नेरोला ओढ्यावर, वरच्या कढईच्या डोहात उतरणार. तुम्ही इथलेच, तुम्हाला काय सांगायचे. दुपारी ऊन आले की पाण्यावर चिलटे निघतात, चिलटांसाठी मासे वर येतात आणि त्याच उन्हाने वरचा बर्फ सुटून लोंढा येतो. आजवर तळाचे दगड गडगडू लागले की ते ऐकून हे बाहेर पडत. पोत्यात अक्रोड हलवल्यासारखे वाजते म्हणतात. आता काय ऐकणार? मी अडवले तर हट्टाने जातील. तुम्हीच काही करा, आणि मी लिहिले हे पोटात ठेवा.

मुलांना गोड पापा. लोभ आहेच, तो या कामी लावावा.
आपली,
डेल्फीना


तोरिनो, १४ फेब्रुवारी

चि. देन्झो यास अनेक आशीर्वाद.

थंडीत गिलावा धरत नाही, म्हणून कामे बंद. माणसे पत्ते खेळतात आणि मी पाठीमागे उभा राहून ऐकतो. थापा मारणाऱ्याची खुर्ची आधी कुरकुरते, हे मी चुन्याची घमेली वाहायचो तेव्हापासून जाणतो. आज तीच माणसे माझ्या पगारावर आहेत, तरी खुर्च्या कुरकुरतातच.

डॉक्टरने वजन उतरव म्हटले, मी ते डोंगरची हवा खा असे ऐकले. तेव्हा हंगामाच्या पहिल्या दिवशी येतो. माझा हात आता थापीचा, मासे तूच धर. फक्त यंदा पुलाखालच्या पाण्यात उभा राहा. तिथे पाणी पसरट, काठ मऊ, आणि वाइनचे दुकानही हाकेवर. वरच्या कढईचे एवढे काय अडले आहे? नाताळात जिन्यावर तुझी धाप मी ऐकली आहे.

डेल्फीनाला आशीर्वाद. आहेस तसाच राहा, थोडा कमी हट्टी.
तुझा दादा,
एउसेबिओ


रावेझो, १९ फेब्रुवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्या पत्राला माझ्याच स्वयंपाकघराचा वास येतोय. असो. नाताळात धाप तुला लागली होती, मी वरच्या पायरीवर उभा राहून वाट पाहत होतो.

पुलाखाली शहरातले पाहुणे उभे राहतात, मासा लागला की घाबरतात. मी कढईतच जाणार. गेल्या सप्टेंबरात हंगाम मिटला, तेव्हा माशाचे एक धूड तिथल्या खडकाखाली राहिले आहे, त्याला मी शब्द दिलाय. गळाची नवी दोरी वळली आहे, पांढऱ्या घोड्याच्या शेपटीची. घोडीचे केस मुताने कुजतात, हे तू गिलाव्याच्या नादात विसरला असशील. गळाला लावायच्या तितराच्या पिसांच्या खोट्या माश्याही बांधून तयार.

येतोस तर ये. पण पहिला मासा लागेपर्यंत पाण्याकाठी कोणी शब्द काढत नाही, ही रीत पाळावी लागेल. तुला जमायचे नाही. बाप्तिस्म्याच्या वेळी तू पाद्रीबाबांना मध्येच तोडले होतेस, असे आई सांगायची. आणि तो भुरका जाकोमो आठव. दुसऱ्याच्या डोहात धोंडा टाकला, तर मरेपर्यंत एकाही गळवाल्याने त्याला नमस्कार केला नाही. मुकाट बसलास तर डेल्फीना मिआच्चेच्या पातळ पोळ्या भाजील, तव्यावरून थेट, लोणी लावून.

तुझा,
देन्झो


तोरिनो, ४ मार्च

चि. देन्झो यास अनेक आशीर्वाद.

तू न बोलता डोंगर उतरलास, मी न जेवता बस धरली. माझा बसलेला आवाज अजून उघडलेला नाही. मुकादमाला खुणांनी सांगतो, आणि कामे पूर्वीपेक्षा बरी होतात.

काय झाले ते एकदा माझ्या बाजूने ऐक. मी खडकावर रीत पाळून बसलो होतो. ऊन कढईवर आले, चिलटे निघाली. तुझे ते धूड वर आले, एक घोट घेऊन खाली गेले. तू दोरी टाकलीस तेव्हा मीही श्वास धरला. मग ओढ्याचा आवाज जाड झाला. पाणी तेवढेच, रंग तोच, फक्त आवाज जाड. आणि मग पोत्यातले अक्रोड.

मी ओरडलो. आधी तुझे नाव, मग आईने तुला ठेवलेले लाडके नाव, मग ज्यांची कबुली पाद्रीबाबांपुढे द्यावी लागेल अशी नावे. तू पाठमोरा, मांड्यांइतक्या पाण्यात. तुझ्या पायांशी गढूळ वळ येऊ लागला होता. तो खडक उतरून तुझ्यापर्यंत यायला माझे पाय पुरले नसते. लोंढ्याच्या गोंगाटात माझा आवाज विरला असणार. हाताशी धोंडा होता, तो मी डोहात टाकला.

पुन्हा वेळ आली तर पुन्हा टाकीन. तू नमस्कार केला नाहीस, तरी माझे आशीर्वाद तुला चुकत नाहीत.
दादा


रावेझो, ९ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

पहिला मासा अजून लागलेला नाही, म्हणून मी कोणाशी बोलत नाही. लिहायला बंदी नाही.

धोंडा नेमका त्या धुडाच्या डोक्यावर पडला. त्याने तोंड उघडले होते, दादा, मी दात पाहिले. मी वळलो तो तुला झोडपायलाच. काठी उगारून काठ चढलो, तुझी कॉलर धरली, तर तू माझ्याकडे पाहतच नव्हतास. माझ्या खांद्यावरून मागे पाहत होतास. म्हणून मीही पाहिले. कढई नव्हती. तपकिरी पाणी होते, आणि मी उभा होतो तिथे एक अख्खे लार्चचे खोड गरगरत होते. त्यानंतर मी बोललो नाही, ते रागाने नव्हे.

डेल्फीना म्हणते, तुझे ओरडणे खाली गिरणीपर्यंत पोचले. गिरणीवाल्याने तुझ्या शिव्या पाठ केल्यात. तू लिहितोस, आवाज पाण्यात विरला. तो पाण्यात विरला नाही, हे तुला तेव्हाही ठाऊक होते, नाहीतर तू आणखी ओरडला असतास, धोंडा उचलला नसतास. सोमवारी डेल्फीना मला कानाच्या डॉक्टरकडे नेते आहे. मी बूट पुसून ठेवले आहेत.

गिरणीपाशी गळवाले जमले होते. तुला यापुढे नमस्कार करायचा की नाही, असे मला विचारत होते. मी तुझ्या नावाने डोक्यावरची टोपी काढली. त्यांनीही काढल्या.

रविवारपर्यंत पाणी उतरेल. ते धूड वाचले असेल तर त्याच खडकाखाली असेल. तू ये, आणि वरच्या खडकावर बैस. तुझ्या हाताशी मी अक्रोडाएवढे खडे वेचून ठेवले आहेत. आवाज जाड झाला की एक मार. पण दादा, माझ्या पाठीत मार, डोहात नको.

मिआच्चे तव्यावर तुझ्यासाठी राखलेले आहेत. लोभ धर, नेमही धर.
तुझा धाकटा,
देन्झो