स्टेशनजवळचं घर

मलकापूर,
१२ फेब्रुवारी २०२५

ती. आईंना,

रेवतीचा नमस्कार. इराचाही. ती शेजारी बसून पेन्सिलीला टोक करतेय आणि "आजीला सांग, माझा दात पडला" असं सारखं बजावतेय. सांगितलं एकदाचं.

पत्र नेहमीसारखं शेजारच्या जनकाबाईंच्या नावानं पाठवते आहे. वाचून झालं की त्यांच्याकडेच ठेवा, घरात नेऊ नका. आल्हाद पोटचा मुलगा असून तुमचा फोन रोज तपासतो, आणि जनकाबाईंच्या फोनवर बोलावं तर मधली भिंत एकच. म्हणून आपलं हे पत्रांचं चाललंय.

इकडची थंडी ओसरली. जिनिंगमध्ये कापूस अजून येतोच आहे, त्यामुळे ऑफिसातून निघायला उशीर होतो. घरी आले की इरा माझ्या केसांतली रुई वेचत बसते.

आज एक सल्ला हवाय. आमच्या घरमालकीण गोजरबाई घर विकताहेत. मुलगा सुरतेला असतो, तो त्यांना कायमचं घेऊन चाललाय. मला म्हणाल्या, "पयले तुले इचारते. तू घेत असशील तं दुसऱ्याले दाखवतच नाही. नाहीतं उन्हाळ्याच्या आत दुसरी जागा पाहा लागीन तुले." पुढच्या दोन खोल्या आमच्याकडे आहेत, मागच्या खोलीत त्या राहतात. ओटा आहे, थोडं अंगण आहे. माझ्या पगारावर कर्ज मिळेल, हप्ताही झेपण्यासारखा आहे, असं ऑफिसातले सगळे म्हणतात.

मी नाही म्हटलं. गाव नवं आहे, नोकरी खाजगी आहे, बोअरचं पाणी किती दिवस टिकेल कोणास ठाऊक, असं काय काय सांगितलं त्यांना. त्यांनी ऐकून घेतलं.

खरं कारण तुम्हाला सांगायला नको. आल्हादला आणि अकोल्याला सोडलं तेव्हा मी स्टेशनजवळच खोली का शोधली? फलाटावर उभं राहिलं की मुंबईकडची गाडी मिळते, नागपूरकडचीही मिळते. दीड वर्ष झालं, मी पलंग घेतला नाही, कपाट घेतलं नाही. एका रिक्षात मावेल एवढाच संसार ठेवला. भाड्याचं घर तासाभरात सोडता येतं. विकत घेतलेलं कुठे उचलून नेणार?

पण मागच्या आठवड्यात एक झालं. इराचे शाळेचे ऑटोवाले बाजारात भेटले. म्हणाले, "ताई, तुमचं घर टॉवरच्या गल्लीत आहे ना? निळं फाटक. तिथंच सोडतो मी रोज पोरीला."

टॉवरच्या गल्लीत आपलं कोणीच नाही. सकाळी मी स्वतः तिला शाळेत पोचवते, त्यामुळे त्यांना घर माहीत असायचं कारण नव्हतं. ही पोरगी रोज दुपारी परक्या फाटकाशी उतरते. ऑटो वळेपर्यंत कडीला हात लावून उभी राहते आणि मग एकटी रुळाच्या बाजूबाजूनं चालत घरी येते. मी विचारलं तर म्हणाली, "तूच सांगितलंस ना, आपण कुठे राहतो ते कोणाला सांगायचं नाही." मग माझ्या तोंडाकडे बघून हळूच, "चुकलं का?"

मी तिला जवळ घेतलं.

इथवर लिहून मी उठले होते. पाणी प्यायले, इराला झोपवलं, परत बसले. जे लिहायचं होतं ते अजून लिहिलेलंच नाही.

आई, रविवारी आल्हाद इथे आला होता.

भर दुपारी मी अंगणात कपडे वाळत घालत होते. फाटक वाजलं. इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात पेढ्यांचा पुडा, आणि हसत होता. तो हसतो तेव्हा मला जास्त भीती वाटते, हे जगात तुम्हा एकट्यांना कळेल. इरानं त्याला खिडकीतून पाहिलं आणि न्हाणीघरात जाऊन आतून कडी लावली. तो आवाज मला बाहेर ऐकू आला.

"बरी जागा शोधलीस," तो म्हणाला. "विकायची आहे म्हणे. कोपऱ्यावरचा पानवाला सांगत होता. घेऊन टाकू. माझ्या नावानं करू, तुला त्या कागदांमधलं काय कळतं?"

न विचारता ओट्यावर चढला. भिंतीवर बोटं वाजवून बघितली. "इथं टीव्ही लावू. मागची खोली पाडून टाकू." मी ओला टॉवेल छातीशी धरून उभी. पळायचं कसं, याचा दीड वर्ष विचार केला होता. पण तो वाटेतच उभा होता आणि इरा आत होती.

तेवढ्यात गोजरबाई मागून आल्या.

"कोन पाह्यजे?"

"मी हिचा नवरा. घराची किंमत बोला आजी, आजच बोलू."

"कायची किंमत? घर इकलं म्या."

"कोणाला?"

"हिले. बयाना झाला परवाच."

तो माझ्याकडे वळला. "खरं?"

मी हो म्हटलं. कसं म्हटलं कोण जाणे.

"मग तर झालंच. बायकोच्या घरात नवऱ्याला कोण अडवणार?" तो ओट्यावर बसायला लागला.

गोजरबाई मोठ्यानं म्हणाल्या, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं, "ते मालकीन ठरवन. काय वं रेवती, बसू देतं का याले?"

समोरच्या घरातली माणसं बाहेर आली. सगळे माझ्याकडे बघायला लागले. तोही. मी म्हटलं, "नाही. ओट्यावरून उतर. फाटकाच्या बाहेर हो."

लग्न झाल्यापासून मी त्याला पहिल्यांदा काही सांगितलं आणि त्यानं ते ऐकलं. त्यानं ऐकलं नसतं, पण चार माणसं बघत होती. पेढे ओट्यावरच ठेवून निघाला. फाटकाशी थांबला आणि मला ऐकू जाईल एवढंच बोलला, "एवढी अक्कड दाखवू नको. पत्ता आईनंच दिलाय. विचार तिला."

हा पत्ता तुम्ही आणि जनकाबाई सोडून कोणालाच माहीत नव्हता. दोन दिवस मला तुमचा राग आला. खोटं लिहीत नाही, रागच आला. जेवण गेलं नाही. मग काल ऑफिसातून जनकाबाईंना फोन केला. आधी त्या इराचंच विचारत राहिल्या. मग म्हणाल्या, "हाताले प्लास्टर हाये त्याहिच्या. न्हाणीत पाय घसरला म्हनतात."

आई, ते वाक्य माझं आहे. दवाखान्यात मी ते वाक्य बोलत असे आणि तुम्ही शेजारी उभ्या राहून मान हलवत होतात, माझी लाज राहावी म्हणून. दुसऱ्या कोणाला सांगा. मला नका सांगू.

आज सकाळी मी पोलीस स्टेशनात जाऊन तक्रार दिली. तिथून येऊन गोजरबाईंच्या हातावर खराच बयाना ठेवला. आता ह्या घरातून मी पळणार नाही. त्याला पत्ता कळला तो कळला. पुन्हा नवं गाव, नवी खोली, आणि इरा पुन्हा कोणाच्या तरी फाटकाशी उतरणार, हे मला नको.

मागची खोली रिकामी होते आहे. तुम्ही या. घर आपल्या दोघींच्या नावावर करू, म्हणजे तुम्हाला कोणी आश्रित म्हणणार नाही. तुमचा निरोप आला नाही तर तेवीस तारखेच्या रविवारी मी स्वतः अकोल्याला येईन आणि तो घरात असला तरी दारात उभी राहीन.

दोन दिवस रागावले होते, ते मनातून काढून टाका.

तुमचीच,
रेवती


अकोला,
१५ फेब्रुवारी २०२५

चि. रेवती,

तुले आन् इराले आशीर्वाद. हात चालत नाही म्हनून जनकाबाई लिहून राह्यली. म्हटलं, मी बोलते तसंच लिही, सुधरवू नको.

पयले इराले सांग, तिचं काहीच चुकलं नाही. पन आता आपल्याच फाटकाशी उतरत जाय म्हना.

हाव, पत्ता म्याच देल्ला. हाताचं तू ओळखलं ते खरं हाये. पन हात मोडला तवा नाही देल्ला. तवा तोंड मिटून बसली होती. चार दिवसानं तो पायाशी येऊन रडला. म्हने, माय, मी सुधरलो, पोरीले एक डाव पाहू दे. मारलेलं सोसलं मले, त्याचं रडनं सोसलं नाही. माह्या पोटचा हाये तो. तू दोन दिवस रागावली ते कमीच झालं.

आता घराचं. घर घेतलं ते लय चांगलं केलं. पन माह्यं नाव लावू नको. काऊन, ते सांगते. उद्या मी मेली तं माह्या हिश्श्याले वारस कोन? तोच. कागद घेऊन तुह्या ओट्यावर येऊन बसीन, आन् मंग गोजरबाईही नसन तिथं. तुह्ये सासरे तहसीलात कारकून होते, एवढं मले समजते. घर एकट्या तुह्याच नावानं कर.

मागची खोली मले भाड्यानं दे. हासू नको. त्याहिची पेन्शन येते मले, त्याच्यातून महिन्याच्या महिन्याले देईन. आधी बापाच्या घरी राह्यली, मंग सासऱ्याच्या, मंग नवऱ्याच्या, आता पोराच्या. सगळ्याइनं ठेवलं म्हनून राह्यली. एक डाव आपल्या पैशानं राहून पाहू दे. भाडं घेशील तं येते. नाहीतं मी इथंच पडून राहीन.

तू अकोल्याले येऊ नको. त्याच्या दारात बिलकुल उभी राहू नको. गुरुवारी गजानन महाराजाचा प्रगटदिन हाये. शेगावले दर्शनाले जाते म्हनून सांगितलं त्याले, तो हो म्हने. सकाळच्या गाडीत जनकाबाई बसवून देईन. एक पिशवी घेते फक्त, म्हनजे त्याले शंका येनार नाही. गाडीत गर्दी राहीन, पन शेगाव आलं का सारा डबा खाली होईन. मी उतरनार नाही. महाराजाले तिथूनच हात जोडीन, मंग खिडकीजवळ बसीन.

मलकापूरच्या फलाटावर तू ये. जिना उतरताना हात द्या लागीन मले.

तुही भाडेकरू,
स्नेहलता