उलट्या पिळाचे पट्टे

४ मार्च

नऊ किलो लोकर धुतली. एकटीने! न्हाणीघर, मागची गॅलरी, जिन्याचा कठडा – सगळीकडे ओली करडी लोकर. ह्यांना आंघोळीला जागा उरली नाही, म्हणून हे दुकानात तसेच गेले. औषधांच्या दुकानात कोण वास घेतोय.

पाणी कोमट ठेवलं, चोळलं अजिबात नाही. चोळली की लोकरीचा नमदा होतो, मग ती जन्मात मोकळी होत नाही. लग्नानंतर पहिल्या वर्षी मी अख्खी बादली अशी घालवली होती. सासूबाई त्यावर पुढचे सहा महिने बोलत होत्या.

आज त्या खुर्चीत बसून होत्या. एकदाही ‘पाणी बघ’ म्हणाल्या नाहीत. मला चुकल्यासारखं झालं.

९ मार्च

डोळ्यांच्या डॉक्टरांनी हात टेकले. सासूबाईंना आता मधलं दिसत नाही, फक्त कडेचं दिसतं. माझ्याकडे बघायचं तर मान वळवून खिडकीकडे बघतात. आधी वाटायचं, रुसल्या आहेत. तशा रुसलेल्याही असतात म्हणा.

घरी आल्यावर त्यांनी आपली टकळी माझ्या हातात ठेवली. ‘घे. मला आता काय करायचीय.’ ऐंशी वर्षांची बाई, त्यातली सत्तर वर्षं सूत कातलेलं. मी टकळी मागाच्या फळीवर ठेवून दिली. मग चहा केला.

रात्री नणंदेचा फोन. तिच्या इमारतीला लिफ्ट आहे, एक खोली रिकामी करून घेतेय, जानेवारीत आईला घेऊन जाते म्हणाली. सासूबाई फोनवर तिला ‘बरं’ म्हणाल्या. एवढंच. बरं!

तीस वर्षं ह्या बाईने माझ्या विणीत खोड काढली. गेल्या तर मला मोकळा श्वास घेता येईल. असं मी आज तीनदा मनाशी म्हटलं.

२२ एप्रिल

सूत कातणं जोरात. आज सुताचे चार गुंडे. हात असा लागलाय की सूत आपोआप येतंय. डोळे मिटूनसुद्धा माझं सूत ओळखेन मी!

सासूबाईंना पिंजलेली लोकर नेऊन दिली – हात तरी गुंतलेले राहतील. म्हणाल्या, ‘दिसत नाही. तुझी लोकर वाया जाईल.’ आग्रह केला नाही. पोतं त्यांच्याच खोलीत ठेवलंय, दुसरीकडे जागा कुठे आहे.

३० मे

पोत्यातली लोकर कमी झाल्यासारखी वाटते. उंदीर? ह्यांना औषध आणायला सांगितलंय.

१७ जून

आज हवेत आहे!

दुपारी नेहमीप्रमाणे माझ्या शाली घेऊन हातमागाच्या दुकानात गेले होते. दुकानवाल्या बाई कधी कशाला छान म्हणत नाहीत, नुसतं ‘ठेवा’ म्हणतात. आज म्हणाल्या, ‘डिसेंबरमध्ये दुकानाला पंचवीस वर्षं होतायत. दर्शनी काचेत एकच वस्तू लावायचीय. मोठं पांघरूण, दोन माणसांचं, करड्या लोकरीचं, एका रंगात. तुम्ही कराल?’

मी म्हटलं, बघते. बघते काय! रस्त्यावर आल्यावर मला हसू आवरेना.

घरी येऊन सासूबाईंना सांगितलं. त्या खिडकीकडे बघून (म्हणजे माझ्याकडे बघून) म्हणाल्या, ‘एका रंगात? त्यात लपवायला जागा नसते.’ झालं. नुसतं छान म्हटलं असतं तर जीभ झडली असती का?

११ जुलै

दमट हवा. मागाचं लाकूड फुगलंय, धोटा अडकतोय. लोकरीला कुबट वास. सासूबाईंची जुनी पेटी उघडून त्यातलं सगळं सूत घरभर पसरून ठेवलं, वारं लागावं म्हणून. जेवणाच्या टेबलावरसुद्धा. हे ताट मांडीवर घेऊन जेवले.

११ जुलै, संध्याकाळ

पाऊस आत आला! ते सगळं घाईघाईने गोळा करून मिळेल त्या टोपलीत भरलं.

१९ ऑगस्ट

आज गुंडे तपासले. नियम सासूबाईंचाच – प्रत्येक गुंड्याचं टोक घ्यायचं, हातभर ओढायचं, तुटलं किंवा गाठ लागली की गुंडा बाद. बोलणं नाही, विनवणी नाही. माझ्या पहिल्या वर्षीच्या बारा गुंड्यांपैकी अकरा त्यांनी बाद केले होते. बारावा का ठेवला विचारलं तर म्हणाल्या, ‘पिशवी बांधायला.’

आज त्यांच्यासमोरच बसले, नाकावर टिच्चून. टोक ओढायचं, मोठ्याने ‘पास’ म्हणायचं. त्या हात मांडीत घेऊन, एकदम ताठ बसल्या होत्या. मला वाटलं होतं बत्तीसेक गुंडे असतील, निघाले एक्केचाळीस. मोजण्यात मी तशी कच्चीच. आणि एक्केचाळीसमध्ये एकही बाद नाही! एकही!! तीस वर्षांत हे कधी झालं नव्हतं.

शेवटच्या ‘पास’ला सासूबाई उठल्या आणि भिंत धरत आपल्या खोलीत गेल्या. नाही सोसलं, दुसरं काय.

८ सप्टेंबर

मागावर ताणा, म्हणजे उभे दोरे, लावला. टोपलीतून एकेक गुंडा वरचा वर घेत गेले. सात दिवस वाकून वाकून कंबरेचा काटा ढिला. पण ताणा असा बसलाय की हात फिरवत राहावंसं वाटतं. आडवं सूत वेगळ्या पिशवीत आहे, तेही कातून तयार.

३ ऑक्टोबर

विणतेय. रोज चार बोटं, प्रत्येक आडव्या दोऱ्यावर फणीचा ठोका. काठ सरळ रेषेत – पट्टी लावून बघा कोणीही.

सासूबाई पलीकडच्या खोलीतून, ‘फणी डावीकडे हलकी पडतेय.’

दिसत नाही तरी ऐकू येतं बाईला! उठून मोजलं. डावीकडे खरंच दोन दोरे सैल होते. घट्ट केले. सांगितलं मात्र नाही.

२७ ऑक्टोबर

नणंदेने खोलीचा फोटो पाठवला. नवे पडदे, नवी गादी. हे आईजवळ बसून सगळं वर्णन करून सांगत होते. ‘पडदे निळे आहेत आई.’ त्या म्हणाल्या, ‘असू देत.’

जेवताना मी ह्यांना म्हटलं, घर मोठं वाटेल नाही आता. हे म्हणाले, ‘तुला हवंय ना तसं?’ मी भाजी वाढली.

१६ नोव्हेंबर

संपलं! मागावरून कापून काढलं. खोलीभर पसरलं. नितळ करडं, कुठेही ओरखडा नाही. ह्यांना त्यावर अनवाणीसुद्धा चालू दिलं नाही.

उद्या धुवायचं. धुतल्यावरच कापड खरं अंगावर येतं.

१८ नोव्हेंबर

धुतलं, वाळलं, आणि मी संपले.

सकाळी गॅलरीत उन्हाला धरलं तर – पट्टे! उभे पट्टे, या टोकापासून त्या टोकापर्यंत. एक फिका, एक गडद, कुठे तीन बोटं, कुठे चार. रंग तोच, लोकर तीच. सरळ बघितलं तर काही नाही, तिरपं धरलं की पट्टे. पाचावर धारण बसली. ह्यांना बोलावलं. हे म्हणाले, ‘छान दिसतंय की.’ त्यांना काय कळतंय! एका रंगाचं मागितलं होतं. तीस तारखेला द्यायचंय, बारा दिवसांत दुसरं विणून होणार नाही.

दुपारभर तशीच बसले. मग एक दोरा उसवून बोटांत फिरवला. पीळ उलटा! शेजारचा उसवला, तो सुलटा. गडद पट्टे माझे. फिके पट्टे उलट्या पिळाचे. धुतल्यावर दोन्ही पीळ दोन बाजूंना कलले आणि उजेड त्यांच्यावर वेगवेगळा पडायला लागला.

उलटा पीळ या घरात एकाच हाताचा. सासूबाई डावखुऱ्या.

जुलैत पेटीतलं सूत वाळत घातलं आणि मीच गडबडीत माझ्या टोपलीत मिसळलं. मीच! आणि म्हणे डोळे मिटून ओळखते.

सासूबाईंना सांगावंच लागलं. त्यांनी पांघरूण मांडीवर घेतलं, बोटं आडवी फिरवली. सावकाश. म्हणाल्या, ‘हा तुझा. हा माझा. हा तुझा.’ एकदाही चुकल्या नाहीत. रागावल्याही नाहीत, हे विशेष.

३० नोव्हेंबर

दुकानात नेलं. वाटेत दहा सबबी पाठ केल्या.

दुकानवाल्या बाईंनी पांघरूण काचेजवळ धरलं, तिरपं केलं, परत सरळ केलं. मी सबब सुरू करणार तेवढ्यात म्हणाल्या, ‘हे तुम्ही कसं केलंत?’

मी काय म्हणाले असेन? ‘आमची घरातली पद्धत आहे.’

लाज वाटायला हवी होती. नाही वाटली!

७ डिसेंबर

पांघरूण काचेत लागलं. लोक थांबतात, पुढे जातात, पुन्हा दोन पावलं मागे येऊन बघतात. मी समोरच्या फुटपाथवर उभी राहून अर्धा तास बघितलं. एक बाई आपल्या नवऱ्याला ओढून परत घेऊन आली – ‘इथून बघ, आता इथून बघ.’ घरी येऊन सासूबाईंना उभं राहून करून दाखवलं, ती बाई कशी मान वाकडी करत होती ते. त्यांना दिसलं नसणार. पण हसल्या.

दुकानवाल्या बाईंना आणखी सहा हवीत. असेच पट्टे.

१० डिसेंबर

पेटी उपसली. सासूबाईंच्या सुताचे दोनच गुंडे उरलेत, तेही कसरीने खाल्लेले. सहा पांघरुणांना काय पुरणार?

१३ डिसेंबर

डाव्या हाताने कातून बघतेय. टकळी तीनदा पायावर, एकदा चहात. सूत म्हणजे गांडूळ – कुठे जाड, कुठे जीवच नाही.

१५ डिसेंबर

टकळी उलटी फिरवून उजव्या हाताने बघितलं. दोरा माझ्यावरच उलटतो. चाळीस गुंडे या चालीने म्हणजे पुढचा जन्म. सासूबाई खोलीतून, ‘दिवसभर काय आपटतेयस?’

काही नाही म्हटलं.

त्यांची बॅग भरून दाराशी ठेवलीय. हे सकाळी येता-जाता तिला अडखळतात, पण कोणी उचलून ठेवत नाही.

१९ डिसेंबर

तीस वर्षांत मी ह्या बाईकडे काही मागितलेलं नाही. मीठसुद्धा नाही. आज मागितलं.

टकळी घेऊन त्यांच्यासमोर बसले. म्हटलं, आई, मला तुमचं सूत हवंय.

‘दिसत नाही मला.’

म्हटलं, दिसायचं काय त्यात, बोटांना कळतं.

त्यांनी मान खिडकीकडे वळवली. मग म्हणाल्या, ‘गरज आहे म्हणून मागतेस की कीव म्हणून?’

मला रागच आला. म्हटलं, कीव? तुमची? बारापैकी अकरा गुंडे फेकलेत तुम्ही माझे. सहा पांघरुणं अडलीत माझी. तुम्ही गेलात तर मी ती करू शकत नाही. आणि – हे मी बोलणार नव्हते – तुम्ही गेलात तर फणी हलकी पडतेय हे मला कोण सांगणार?

आवाज चढला होता माझा. हे दारात येऊन उभे राहिले होते, ते मागच्या मागे गेले.

सासूबाईंनी डावा हात पुढे केला. मी टकळी दिली. त्यांनी लोकरीची चिमूट लावली, मांडीवरून झटका दिला, आणि सूत निघालं. सरळ, बारीक, एकसारखं. एक गाठ नाही. मी डोळ्यात तेल घालून बघत होते.

‘टक लावून बघू नकोस,’ म्हणाल्या. ‘पिंजत बस.’

३ जानेवारी

नणंद परवा आली, आज गेली. सासूबाई कातत होत्या. म्हणाल्या, ‘माझी ऑर्डर आहे. मी कशी येऊ?’ नणंद माझ्याकडे बघायला लागली, जणू मीच काही केलंय. दोन दिवस राहिली, लोकर पिंजून दिली, रडली, हसली, शेवटी म्हणाली, ‘तुम्ही दोघी एकमेकींना शोभता.’ निळे पडदे आमच्याकडे पाठवते म्हणाली. बॅग मी रिकामी केली. लुगडी पुन्हा त्याच कप्प्यात.

सासूबाईंची हातातली टकळी आता थांबतच नाही, आणि तोंडाचीही. सकाळपासून चार चुका काढल्या माझ्या. चारही खऱ्या होत्या.

दिवस कसे जातायत कळत नाही. सुखी आहे मी. लिहून ठेवते, नंतर खोटं वाटेल.

१२ जानेवारी

आज सहज म्हटलं, पेटीतलं तुमचं जुनं सूत इतकी वर्षं कसं टिकलं हो? एकही गुंडा बाद झाला नाही.

‘जुनं कुठलं,’ सासूबाई म्हणाल्या. ‘ते कसर लागलेलं, मी चाचपून टोपलीतून काढून टाकलं. हे उन्हाळ्यातलं. तू दुपारी दुकानात जायचीस तेव्हा मी फळीवरची टकळी घेऊन कातायचे, आणि तुझ्या टोपलीत मधे मधे सरकवायचे.’

म्हणजे उंदीर ह्याच! म्हटलं, मला सांगायचं तरी.

‘सांगितलं असतं तर तू उगीच चांगलं म्हणाली असतीस.’ टकळी फिरतच होती. ‘तू एक जरी गुंडा बाद केला असतास, तर मी गेले असते.’