पडवीतला इंटरव्ह्यू

१ फेब्रुवारी, रविवार. चर्चमध्ये मिस्सा आटोपून, दुपारी.

मेल आला. शॉर्टलिस्ट झालो. पुण्याची कंपनी, ‘दर्याडबा’, ऑनलाइन मासे विकतात. पोस्ट : कोस्टल सोर्सिंग मॅनेजर, सिंधुदुर्ग. घर मालवणात, काम मालवणात, पगार पुण्याचा. इंटरव्ह्यू गुरुवारी, १२ तारखेला, सकाळी अकरा वाजता व्हिडिओवर.

अकरा दिवस आहेत. भरपूर झाले.

बर्नादेतला सांगितलं. बायकोने शाळेच्या वह्या तपासता तपासता फक्त एवढंच विचारलं की बेळगावच्या नर्सिंग कॉलेजला ग्लेनिशाचं हो-नाही महिनाअखेर कळवायचं आहे, ते लक्षात आहे ना. लक्षात आहे. हॉटेलातली नोकरी गेल्यापासून चौदा महिने दुसरं काही लक्षातच नाही. ही नोकरी लागली तर फी भरता येईल आणि पोर बेळगावला जाईल, नाही तर जाणार नाही. म्हणून ही रोजनिशी. शिस्त लागावी म्हणून.

तयारी उद्यापासून. आज रविवार.

२ फेब्रुवारी, सोमवार. पहाटे ५.

(हे सकाळी पावणेनऊला लिहितोय. पण प्लॅनमध्ये पाच आहे, म्हणून पाचच लिहिलं.)

माझी बलस्थानं :
१. कळंगुटला हॉटेलच्या फ्रंट ऑफिसवर एकोणीस वर्षं. हॉटेल विकलं गेलं, त्यात माझा दोष नाही.
२. बी.कॉम.
३. माशांचा सत्तेचाळीस वर्षांचा अनुभव.

तिसरा मुद्दा बर्नादेतने वाचला. म्हणाली, खाल्लेले मासे अनुभवात धरत नाहीत. तिला कॉर्पोरेट भाषा कळत नाही. प्राथमिक शाळेत शिकवते, तिचाही इलाज नाही.

४ फेब्रुवारी, बुधवार.

मॉक इंटरव्ह्यू. ग्लेनिशा पॅनेल. बारावीचा अभ्यास सोडून वीस मिनिटं दिली, त्याबद्दल आभार मानले. प्रश्न : तुमचा एखादा वीक पॉइंट सांगा. माझं उत्तर तयार होतं, की मी फार परफेक्शनिस्ट आहे. तोंड उघडेपर्यंत स्वयंपाकघरातून बर्नादेत सुरू झाली. उशिरा उठतो. सुरू केलेलं पुरं करत नाही. चूक कबूल करत नाही. ग्लेनिशाने सगळं लिहून घेतलं. मी म्हटलं, हे खरं नाही. ग्लेनिशाने तेही लिहून घेतलं.

एकंदरीत मॉक चांगला झाला. कठीण प्रश्नांची सवय होते.

५ फेब्रुवारी, गुरुवार.

आज घरात कमालीची शांतता. मासेवाली राधाबाई गुरुवारी येत नाही. गल्लीतले निम्मे लोक गुरुवार पाळतात आणि ती स्वतःही पाळते. बाकीचे दिवस ती साडेदहा-अकराला आमच्या पडवीत टोपली उतरवते. तीस वर्षं ती पहिली आमच्याकडे येते, कारण आमच्या घरची बोहनी तिला लाभते असा तिचा अनुभव आहे. आम्हाला तिचा काही लाभ झालेला नाही, पण मासे ताजे असतात.

कंपनीने गुरुवार निवडला, यात मला वरच्याचा हात दिसतो.

शांतता इतकी होती की अभ्यासाला बसलो आणि डोळा लागला.

६ फेब्रुवारी, शुक्रवार.

आज तांत्रिक बाजू. घरात रेंज एकाच ठिकाणी : पडवीत, खांबाशेजारी, खुर्ची जरा तिरकी ठेवली तर. मागे जी भिंत दिसते ती पाहवत नाही. पोपडे, पालीचा डाग आणि एकोणीसशे अठ्ठ्याण्णवचं कॅलेंडर टांगायचा खिळा. यूट्यूबवर इंटरव्ह्यूची तयारी शिकवणारा एक माणूस सांगतो की बॅकग्राउंड हे तुमचं व्यक्तिमत्त्व असतं.

शेजारच्या नानांकडे होडीचा उरलेला निळा ऑइलपेंट होता. मागून आणला. पूर्ण भिंत रंगवण्यात अर्थ नाही. मोबाईल लावून कॅमेऱ्यात जेवढी येते तेवढ्या भिंतीवर पेन्सिलने चौकोन आखला आणि तेवढीच रंगवली. स्मार्ट वर्क.

बर्नादेत शाळेतून आली आणि बराच वेळ त्या निळ्या चौकोनाकडे बघत उभी राहिली. मग ट्यूशनच्या पोरांना आत घेऊन गेली. अकरा पोरं असतात, संध्याकाळी सात ते नऊ. दिवसभर शाळा, वर हे. पाय सुजतात तिचे. नोकरी लागल्यावर पहिली ही ट्यूशन बंद. तसं तिला सांगितलं. ती म्हणाली, बरं.

८ फेब्रुवारी, रविवार.

पेंट अजून सुकलेला नाही. होडीचा रंग ओल धरून सुकतो म्हणे. सरावाला टेकून बसलो, पांढरा शर्ट गेला.

धक्क्यावर जायचंच आहे. पहाटे होड्या लागतात तेव्हा लिलाव होतो, तो बघायचा, भाव लिहून घ्यायचे, मासे समजून घ्यायचे. सोर्सिंग म्हणजे शेवटी तेच. उद्या नक्की.

९ फेब्रुवारी, सोमवार.

पाचचा गजर झाला. बाहेर थंडी. थंडीत घसा बसला तर इंटरव्ह्यूला बोलणार काय? दूरदृष्टीने झोपलो.

१० फेब्रुवारी, मंगळवार.

दोनच दिवस उरले. धक्का बाकी. कंपनीची वेबसाइट बाकी. इंग्रजी उत्तरं पाठ करायची बाकी. थकवा फार आलाय. लोकांना वाटतं घरी बसलेला माणूस थकत नाही. घरी बसण्याइतकं थकवणारं काही नाही. सकाळपासून प्रत्येक जण विचारतो, आज काय? आणि आज काहीच नसतं.

शेवटी एक मोठा निर्णय घेतला. कंपनीला मेल टाकला की एका अपरिहार्य कारणाने एक दिवस पुढे मिळेल का. दहा मिनिटांत उत्तर. शुक्रवार, १३, सकाळी अकरा. एचआरच्या सलोनी मॅडम फार नम्र आहेत.

बर्नादेतला सांगितलं. ती म्हणाली, शुक्रवार? मी म्हटलं हो, शुक्रवार. तिने तोंड उघडलं आणि मिटलं. मी समजलो, तेरा तारीख. मी असल्या अंधश्रद्धा मानत नाही.

१२ फेब्रुवारी, गुरुवार. सकाळी ११.

आत्ता याच मिनिटाला इंटरव्ह्यू चालू असता. गल्लीत चिटपाखरू नाही. रेंज चार काड्या.

जादा मिळालेला दिवस पूर्ण वापरायचा. आधी जरा पडतो.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार. सकाळी ९.३०.

सज्ज. निळा शर्ट घातला होता, पण भिंतीत मिसळून फक्त डोकं दिसत होतं. बदलला. सगळ्या आवाजांचा बंदोबस्त केला. कुत्रा मागे बांधला. नानांना इंजिन दुरुस्ती दुपारी करायला सांगितली. ग्लेनिशाचं कॉलेज, बर्नादेतची शाळा. मी काही विसरलेलो नाही.

दुपारी २.

झालं. शांतपणे लिहितो.

अकराला पाच कमी असताना जोडलो. सलोनी मॅडम आणि त्यांचे ऑपरेशन्सचे साहेब, निकेत. वय सव्वीसच्या वर नसेल. माझी ओळख मी छान सांगितली. निकेत म्हणाले, मासा ताजा आहे हे तुम्ही कसं ठरवाल? मी म्हटलं, सर, कल्ले लाल, डोळे चमकदार. व्हिडिओतून पाठ केलेलं होतं, एक शब्द चुकला नाही.

आणि पायऱ्यांवर राधाबाई. शुक्रवार. डोक्यावर भरलेली टोपली.

मी कॅमेऱ्याखालून हाताने जा, जा केलं. तिला वाटलं मी मुंग्या झटकतोय. म्हणाली, “आग्नेल, हात दी रे. मान मोडली माझी.”

आता हे पुण्याच्या माणसांना कसं समजावणार? डोक्यावरचा भार उतरवायला कोणी हात मागितला तर आमच्याकडे नाही म्हणत नाहीत. भांडण असलेला शेजारीसुद्धा हात देतो आणि मग पुन्हा भांडतो. मी दोन सेकंद कळ काढली. सत्तर वर्षांची बाई, मान थरथरत होती. उठलो. टोपली उतरवली. बर्फाचं पाणी बाहीत गेलं.

परत बसून सॉरी म्हटलं. राधाबाई खाली बसली, पदराने तोंड पुसलं. मी दबक्या आवाजात म्हटलं, आज काही नको. ती म्हणाली, “बोहनी झाल्याशिवाय मी हयसून उठूचंय नाय. शुक्रवार आसा.” मग मोबाईलमध्ये डोकावली आणि सलोनी मॅडमना गाव विचारलं, तुमी खंयचे?

सलोनी मॅडम हसल्या. निकेत म्हणाले, या मावशी मासे विकतात का? त्यांना विचारा ना, ताजा मासा कसा ओळखतात. मी विचारलं नाही. तिला ऐकू गेलं होतं.

“कल्ले कित्याक बघतंस?” ती मलाच म्हणाली. “बर्फातलो मासो चार दिवस लाल दिसता. बोटान दाब. खड्डो रवलो तर तो मासो आपलो न्हय.” आणि टोपलीतली एक सुरमई उचलून कॅमेऱ्यासमोर धरली, दाबून दाखवली.

मग निकेतनी मला आजचा धक्क्यावरचा सुरमईचा भाव विचारला. मी आत्मविश्वासाने एक आकडा सांगितला. राधाबाई हसली. वाईट वाटावं म्हणून नाही, तिला खरंच हसू आलं. तिने खरा भाव सांगितला, काल किती होता ते सांगितलं, आणि उद्या का उतरेल तेही सांगितलं. मी बाराही महिने बांगडा पुरवू म्हटलं होतं. तिने विचारलं की पावसात मासेमारी बंद असते तेव्हा बांगडो काय तुझो पापा आणतलो? माझे पप्पा वारून नऊ वर्षं झाली. ते आठवून तिने छातीवर क्रूस केला, जसा ती आमच्या घरी नेहमी करते, आणि पुढे बोलू लागली. सलोनी मॅडम लिहून घेत होत्या.

शेवटी मी चार बांगडे घेतले. बोहनी झाली. तिची टोपली तिच्या डोक्यावर चढवून दिली.

इंटरव्ह्यू चाळीस मिनिटं चालला. मी त्यात नऊएक मिनिटं बोललो असेन.

१४ फेब्रुवारी, शनिवार.

रात्रभर विचार केला. विश्लेषण असं :

इंटरव्ह्यू वीस मिनिटांचा ठरला होता, चाळीस चालला. म्हणजे पॅनेलला रस होता. त्यांना लोकल नेटवर्क असलेला माणूस हवा होता. नेटवर्क त्यांनी डोळ्यांनी बघितलं. दुसरा कोण उमेदवार पुरवठादार घेऊन इंटरव्ह्यूला बसला असेल? शिवाय मी टोपली उतरवली, त्यात लीडरशिप दिसली.

हे बर्नादेतला सांगितलं. तिने ऐकून घेतलं. मी विचारलं, शुक्रवार म्हटल्यावर तुला हेच आठवलं होतं, तर बोलली का नाहीस? म्हणाली, “तुका वायट वाटात, म्हणान सांगूक नाय. पयल्यांदाच इतको खूश दिसलंस.”



१८ फेब्रुवारी, बुधवार.

उपवासाचा काळ सुरू झाला. कपाळाला राख लावून आलो. यंदा मेल तपासणं सोडायचं असा संकल्प. दिवसातून फक्त दोनदा.

(सात वेळा.)

२० फेब्रुवारी, शुक्रवार.

मेल आला.

‘प्रिय आग्नेल, आपल्याशी बोलून आनंद झाला.’ हे पहिलं वाक्य वाचून मी ग्लेनिशाला हाक मारली. मारायला नको होती. पुढे लिहिलं होतं की मॅनेजरची पोस्ट तूर्त भरायची नाही असं ठरलं आहे, कारण स्थानिक विक्रेत्यांकडून थेट माल घेता येईल असं कंपनीच्या लक्षात आलं आहे. तरी त्या मावशींचा फोन नंबर कृपया कळवावा.

ग्लेनिशा खांद्यावरून वाचत होती. 

नंबर कळवला. न कळवणं बरं दिसलं नसतं.

२१ फेब्रुवारी, शनिवार. दुपार.

सकाळी राधाबाई आली. टोपली उतरवून दिली. ती लगेच मासे काढायला बसली नाही. म्हणाली, पुण्याची पोरगी फोन करते. रोज पहाटे धक्क्यावरून माशांचे फोटो पाठवायचे, भाव लिहायचा, मेल करायचा. “माका ता मेल-बिल येणा नाय. कोणतरी माणूस ठेवूचो लागतलो.”

मी म्हटलं, मी आहे.

तिने मला नीट बघितलं. तीस वर्षांत पहिल्यांदाच बघत असावी तसं.

“पाचाक उठतंस?”

उत्तर तयार नव्हतं. म्हटलं, “नाय. पण उठतलंय.”

“माशातला काय कळता?”

“खावक कळता.”

“चूक झाली तर सांगतलंस, काय लपवतलंस?”

  म्हटलं, आतापर्यंत लपवत आलोय.  पुण्याच्या दोन माणसांसमोर हे बोललो नसतो. मला ही नोकरी हवी आहे, सूट-टायशिवाय, मॅनेजर नावाशिवाय, नुसती हवी आहे.

बोहनीचे दोन बांगडे देऊन ती उठली. मी टोपली चढवायला हात दिला. पायरीवरून म्हणाली, “बगतंय. सुनेकय इचारूक होया. सोमवारी सांगतंय.”

ग्लेनिशा दारात उभी होती, सगळं ऐकलं होतं. म्हणाली की राधाबाईची सून किशोरी बारावी पास आहे, तिच्याकडे चांगला मोबाईल आहे आणि ती चारलाच उठते. मी म्हटलं, माहीत आहे.

मग तिने विचारलं, पप्पा, बेळगावला हो कळवू की थांबू?

सोमवारपर्यंत थांब म्हटलं. ती बरं म्हणाली आणि पुस्तक घेऊन आत गेली. मला फार वाईट वाटलं.