आतली बाजू कोरी ठेवावी

ती. ताईंना,

साष्टांग नमस्कार. (एरवी नुसता नमस्कार पुरला असता. पण पुढे जे लिहायचं आहे ते बघता साष्टांगच घातलेला बरा.) तुमची तब्येत ठीक असेल अशी आशा आहे. साडूभाऊंचा गुडघा आता जिना चढू देतो का? आम्ही इकडे खुशाल आहोत असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहितो. पाकिटावर माझं अक्षर बघून तुम्हाला धक्का बसला असेल. या घरातून तुमच्याकडे चार वर्षांत चिठ्ठी नाही की चपाटी नाही, आणि आता एकदम हे जाडजूड पाकीट! पण मला गेल्या रविवारी जे धक्के बसले त्यापुढे तुमचा हा धक्का काहीच नाही. अजून जेवताना मध्येच माझा घास हातात राहतो.

तुमच्या दोघींच्या अबोल्याचं कारण मी उगाळत बसत नाही. तुमच्या वाढदिवसाला हिने स्वतः कापून, चिकटवून, डोळे फोडून एक कार्ड केलं आणि तुम्ही म्हणालात, ‘अगं, दुकानात याच्यापेक्षा छान मिळतात, एवढा वेळ कशाला घालवतेस?’ तुम्ही ते मायेने म्हणालात हे मला माहीत आहे. (मीही तेच म्हणणार होतो, तुमचा नंबर आधी लागला एवढंच.) त्या दिवसापासून हिने तुमच्याशी बोलणं टाकलं आणि कार्डं करणं दसपटीने वाढवलं. जेवणाचं टेबल गेलं, आम्ही ताट मांडीवर घेऊन जेवतो. घरात डिंक, कात्र्या आणि चमकी. ती चमकी तर माझ्या भुवयांतसुद्धा सापडते. पाट्या रंगवायला गेलो की गिऱ्हाइकं विचारतात, काय मास्तर, आज नाटकात काम आहे का? चष्म्याच्या दुकानातून संध्याकाळी घरी आली की ही चप्पल काढायच्या आधी कात्री हातात घेते.

तर या कागदवाल्या लोकांचं एक संमेलन भरतं, तिथे ही मला गेल्या रविवारी घेऊन गेली. मला वाटलं, असतील दहाबारा बायका आणि एखादा रिटायर्ड मास्तर. आत पाऊल टाकलं आणि मी आ वासला तो संध्याकाळीच मिटला. जिथे एरवी सोफे आणि कपाटं विकायला मांडतात तो भलामोठा हॉल, आणि त्यात माणूस माणसाला चेंगरतंय. कशासाठी? कागदासाठी! चाकांच्या बॅगा ओढत बायका धावतायत. एक पोक्त बाई एका निळ्या कागदावरून हात फिरवावा तसा गाल फिरवत होती. तिने त्याच कागदाचे दोन ताव घेतले. मी सहज विचारलं, दोन का? तर म्हणाली, एक कापायला आणि एक ठेवायला. आणि तिची मैत्रीण मागून म्हणाली, ती दोन्ही ठेवते. यांच्या घरी म्हणे कपाटंच्या कपाटं भरलेली आहेत आणि त्यातला कागद कापायचा यांना धीर होत नाही! पुढे एका कोपऱ्यात ‘कागद फाडण्याचा वर्ग’. ताई, मी पाटी वाचून दोनदा डोळे चोळले. आपण लहानपणी वह्या फाडल्या म्हणून मार खाल्ला, आणि इथे एक गंभीर चेहऱ्याचे गृहस्थ वीसेक शहाण्यासुरत्या माणसांना कागद कसा फाडावा ते शिकवतायत, आणि माणसं टिपणं घेतायत. त्यात तुमची बहीण पहिल्या रांगेत!

वर्गाला जाताना तिने मला आमच्या वाट्याच्या टेबलापाशी बसवलं. टेबलावर दोन गोष्टी होत्या. एक म्हणजे अदलाबदलीच्या कार्डांचा गठ्ठा. (ही यांची रीत. आपली कार्डं दुसऱ्याला द्यायची, त्याची आपण घ्यायची, आणि मग तीही कपाटात ठेवायची.) आणि दुसरं, तिथल्या स्पर्धेसाठी तिने केलेलं कार्ड. त्या कार्डाबद्दल तुम्हाला सांगायलाच हवं. वर एक दोरी, खऱ्या दोऱ्याची, आणि तिच्यावर वाळत घातलेले दोन कागदी फ्रॉक, एक मोठा, एक लहान, एकाच फुलाफुलांच्या कापडाचे. बाजूची पट्टी ओढली की लहान फ्रॉक सरकत सरकत मोठ्याला जाऊन चिकटतो. तुमच्या आईंनी एकाच तागातून तुम्हा दोघींचे फ्रॉक शिवलेले फोटोत आहेत, ते मी पाहिलेत. त्यामुळे कार्ड कुणासाठी आहे हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. दोन महिने ती त्या पट्टीशी झुंजत होती. पण आत उघडून बघतो तर कोरं! आणि गठ्ठ्यातली कार्डं उघडली, तर तीही सगळी कोरी!

आता मला सांगा, मी पाटी रंगवली, कडेला वेलबुट्टी काढली आणि मजकूर न लिहिताच गिऱ्हाइकाच्या हातात दिली, तर तो मला दारात उभा करेल का? रिकामी जागा दिसली की माझा हात शिवशिवतो. बिचारीला वेळ मिळाला नसेल, असं मला वाटलं. खिशात पेन आणि बारका ब्रश असतोच. बसलो, आणि गठ्ठा संपवला. प्रत्येकात वेगळा मजकूर, वळणदार अक्षरात, लाल छाया देऊन. वाढदिवस, लग्न, नवीन घर, परीक्षेतलं यश, आजारपण. शेवटी शेवटी विषय संपत आले तेव्हा एकदोन दुखवट्याचेही लिहिले. तुमच्या कार्डात मात्र मी शुभेच्छा लिहिल्या नाहीत. कित्येक संध्याकाळी ते कार्ड समोर ठेवून, पेनचं टोपण काढून, परत लावून उठताना मी तिला पाहिलं होतं. तिला जे जमत नाही ते आपण करून टाकावं, कार्ड तुमच्याकडे जाईल आणि एकदाचा हा अबोला सुटेल, एवढाच माझा हेतू. मी लिहिलं, ‘ताई, माझं चुकलं. येऊन जा. तुझी धाकटी.’ आणि ताई, इतकी वर्षं नगरपालिकेच्या सूचना रंगवल्याचा परिणाम, हाताच्या सवयीने खाली ‘आज्ञेवरून’ असंही लिहून गेलो.

मग जे झालं त्याला मी तयार नव्हतो. ही परत आली आणि न बघताच खुशीत अदलाबदल करून आली. थोड्या वेळाने हॉलच्या त्या टोकाकडून किंकाळी! एका बाईंनी कार्ड उघडलं, त्यात मोठ्या अक्षरात ‘आपल्या दुःखात आम्ही सहभागी आहोत’. बाईंची पाचावर धारण बसली. त्यांनी घरी फोन लावला, नवरा झोपलेला, उचलेना. पुन्हा लावला, उचलेना. चार बायका त्यांना पाणी पाजतायत, एक वारा घालतेय. शेवटी नवऱ्याने उचलला आणि झोपमोड केली म्हणून जो काही ओरडला, तेव्हा कुठे बाईंच्या जिवात जीव आला. तोवर दुसरीकडे एक धडधाकट मुलगी ‘लवकर बरे व्हा’ वाचून घाबरून स्वतःचं कपाळ चाचपत होती. आमच्या टेबलाकडे माणसं यायला लागली, आणि प्रत्येकाच्या हातात उघडलेलं कार्ड. माझ्या तोंडचं पाणी पळालं. या लोकांत कार्ड आतून कोरंच द्यायचं असतं हे मला तेव्हा कळलं. नियमांच्या पाटीवर पहिलीच ओळ होती, ‘आतली बाजू कोरी ठेवावी’. मी जन्मभर सूचना रंगवल्या, वाचली एकही नाही.

आणि तेवढ्यात परीक्षक बाई आल्या. हातात पांढरे मोजे, गळ्यात भिंग. त्यांनी पट्टी ओढली, फ्रॉक सरकला, त्यांच्या तोंडून चक्क ‘वा!’ निघालं. (ताई, ते ‘वा’ ऐकून हिचा चेहरा असा उजळला, की आमच्या लग्नातसुद्धा इतका उजळला नव्हता.) मग त्यांनी कार्ड उघडलं. वाचलं. भिंगातून पुन्हा वाचलं. ‘आज्ञेवरून’ पाशी थांबल्या. कार्ड हळूच मिटून परत ठेवलं आणि पुढच्या टेबलाकडे गेल्या. स्पर्धा संपली.

मला वाटलं, आता ही ओरडेल. तिने कार्ड उघडलं आणि फक्त एवढंच म्हणाली, ‘माझं चुकलं? माझं?’ बस. तेव्हापासून घरात शब्द नाही. मी विचारलं तर मान हलवते, ती हो की नाही तेही कळत नाही. स्पर्धा गेल्याचा राग मी समजू शकतो, पण राग त्याचा नाही, त्या एका वाक्याचा आहे. तुमच्याशी अबोला होता तोवर मला निदान बोलायला एक माणूस होतं. आता तेही नाही, आणि तुमचा अबोला आहे तो आहेच. तुमचं कार्ड कुठे गेलं ते मला माहीत नाही. बहुधा फाडलं असावं, नुकतीच शिकून आली आहे. मला त्या फ्रॉकांचं फार वाईट वाटतं.

असो. तुमचा वेळ फार घेतला. साडूभाऊंना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. चूकभूल पदरात घ्यावी.

आपला,
धाकट्या बहिणीचा (सध्या तरी) नवरा

ता. क. हे पत्र केवळ ख्यालीखुशालीचं आहे. पण सहज जमलं तर तुम्ही हिला दोन ओळी पाठवाल का? ‘माझंच चुकलं’ एवढं जरी लिहिलंत तरी पुरे. तुम्हाला तसं वाटलंच पाहिजे असं काही नाही.

ता. क. २. लिहायचा कंटाळा असेल तर मसुदा मी करून पाठवतो, तुम्ही फक्त सही करा. या वेळी ‘आज्ञेवरून’ येणार नाही याची खबरदारी घेईन.

ता. क. ३. ताई, मी लिहितेय. डिंक कुठे असतो ते यांना अजून माहीत नाही, त्यामुळे पाकीट उघडंच टेबलावर पडलं होतं. वरचं सगळं वाचलं. दुखवट्याची कार्डं एकदोन नव्हती, पाच होती. बाकी सगळं खरं, फक्त माझ्या रागाचं यांना कळलेलं नाही. ते वाक्य मीच आधी लिहिलं होतं, पेन्सिलीने, आणि खोडलं होतं. पुन्हा लिहिलं, पुन्हा खोडलं. कार्ड उजेडात तिरकं धरलंस तर अजून दिसेल. यांनी काही न बघता नेमकं त्याच्यावरच रंगवून ठेवलं. मला वाटलं, माझ्या पोटातलं सगळ्या हॉलने वाचलं. कार्ड सोबत पाठवतेय. पट्टी हळू ओढ, घाई केली की अडकते. ‘आज्ञेवरून’ तेवढं यांचं आहे. खोडणार होते, पण राहू दिलंय. ये.