टँकरजवळची चार मिनिटं

सातारा परिसर, औरंगाबाद
२२ मे २०१६

प्रिय स्वराली,

तू बरी असशील. कालिंदीकाकूंचा गुडघा कसा आहे? जिना चढताना दुखतो म्हणत होत्या. त्यांना माझा नमस्कार सांग, आणि परीक्षेच्या दिवसांत त्यांनी मला करून घातलेली थालीपीठं अजून आठवतात असंही सांग.

इथं ऊन फार आहे. नळ आठ दिवसांनी येतो. आपण कॉलेजात होतो तेव्हा माझ्या खोलीमागं नुसतं माळरान होतं. आता तिथं तीन इमारती झाल्यात आणि चौथीच्या बांधकामाला रोज टँकर येतो. सुदर्शन सर म्हणतात, भाला टाकायला या शहरात लवकरच जागा उरणार नाही. माझा सराव महिनाभर बंद आहे, पण त्याचं कारण जागा नाही.

माय माझ्याकडं आली आहे. तिचं उजवं मनगट मोडलं. काल इथल्या डॉक्टरांना प्लास्टर दाखवलं. आता जेवून आडवी झाली आहे, म्हणून लिहायला बसले.

तुझे फोन येऊन गेले, मी उचलले नाहीत. फोनवर तू मला समजावलं असतंस, आणि मलाही समजून घ्यायचंच होतं. म्हणून कागद घेतला.

तू माझ्यावर केलेली बातमी आम्ही गावात साहेबरावकाकांच्या ओसरीत बघितली. ज्यांच्या अंगणात तुम्ही गाडी लावली होती, तेच काका. त्यांनी टीव्ही ओढून बाहेर ठेवला होता. चाळीसेक माणसं जमली होती. माय सगळ्यांत पुढं, ठेवणीतलं लुगडं नेसून. सुरुवातीला मी भाला घेऊन धावताना दिसले. भाला हातातून सुटला आणि तो पडायच्या आत टँकर आला. टँकरपाशी चिखलातून मी घागर डोक्यावर घेऊन चालले आहे, पँट गुडघ्यापर्यंत वर केलेली, बसवलेला पाय उघडा. मागं बासरी. मग तुझा आवाज, 'स्पर्धा संपली, पण सुरेखाची रोजची शर्यत संपलेली नाही.'

बाया डोळे पुसत होत्या. खोटं कशाला सांगू, मलाही रडू आलं. वाटलं, किती सोसते ही मुलगी. ती मुलगी मीच आहे आणि तिनं यातलं काहीच सोसलेलं नाही, हे मी क्षणभर विसरलेच.

बातमी संपली तशी द्वारकाबाई मागून म्हणाली, "सारजे, आम्हाला वाटायचं तूच भरतीस सगळं पाणी. आमच्या माघारी अधू लेकीला धाडतीस व्हय गं?"

ही द्वारकाबाई गेली कित्येक वर्षं पाण्याच्या रांगेत मायच्या मागं उभी राहते. तिनं मला तिथं एकदाही बघितलेलं नाही. पण टीव्हीवर बघितलं ना!

मायनं माझ्याकडं बघितलं. मी काहीतरी सांगेन म्हणून बघितलं. मी टीव्हीकडं बघत राहिले. तिथं तेव्हा साबणाची जाहिरात लागली होती.

तुला माहीत आहे, मी नऊ वर्षांची असताना ट्रॉलीच्या चाकाखाली पाय गेला. त्या दिवसापासून मायनं मला घागरीला हात लावू दिला नाही. आधी म्हणायची, "तू तुझं दप्तर उचल." नंतर म्हणायला लागली, "तू तुझं भालं उचल." तुम्ही आलात त्या दिवशीसुद्धा तिनं पहाटे सगळं भरून ठेवलं होतं. आणि आपण टँकरपाशी होतो तेव्हा ती तुमच्या चहासाठी दूध शोधत घरोघर फिरत होती.

इंटरनेटवर त्या बातमीखाली लोकांनी काय काय लिहिलं ते तू वाचलंच असशील. एका बाईनं लिहिलं होतं, 'पोरीला सलाम. पण असली आई वैऱ्यालाही नको.' हजारो जणांना ते पटलं होतं. मी मायला दाखवलं नाही. गावात कुणीतरी वाचून दाखवलं. दुसऱ्या दिवसापासून तिनं टँकरच्या रांगेत उभं राहणं सोडलं. बद्रीनाथच्या मळ्यातल्या विहिरीवर जायला लागली, दोन मैल जाणं, दोन मैल येणं. मी इथं सत्काराचे हार घालून घेत होते, मला पत्ता नव्हता. पाचव्या दिवशी ती विहिरीच्या पायरीवर घसरली.

आता इथं बांधकामाच्या टँकरवरून पाणी मी आणते. डोक्यावर जमत नाही, तोल जातो. कमरेवर घेते, तीही अर्धीच. भरलेली घागर इतकी जड असते हे मला चोविसाव्या वर्षी कळलं. तुझ्या बातमीतली तर रिकामी होती.

इथवर वाचताना तुला वाटलं असेल, सुरेखा सगळं माझ्यावर ढकलते आहे. महिनाभर मी तेच करत होते. माझ्या मनात मी हे असं मांडून ठेवलं होतं की स्वरालीनं घागर हातात दिली, मी भिडेला पडले. तसं झालं नव्हतं. कॅमेरा लावायच्या आधी तू मला बाजूला घेऊन विचारलं होतंस, "तू खरंच रोज आणतेस का गं?" आणि मी "हो" म्हणाले. पँट मी आपणहून वर केली. रिकामी चालेल का, हेही मीच विचारलं. तेवढ्यावरून तरी तुझ्या लक्षात यायला हवं होतं, पण ते तुझं तू बघ.

येताना गाडीत तू म्हणाली होतीस की नुसत्या रौप्यपदकाला संपादक चार मिनिटं देत नाहीत. मला ती चार मिनिटं हवी होती.

मागच्या आठवड्यात गंगापूरला सत्कार होता. तिथं पडद्यावर तुझी बातमी लावली. मला राहवलं नाही. माइक घेऊन सांगितलं की हे खोटं आहे, पाणी माझी माय आणते, मी त्या दिवशी फक्त चित्रणासाठी घागर घेतली. मग सूत्रसंचालकांनी माझ्या हातातून माइक घेतला. "बघा मंडळी, केवढं मोठं मन! आईची चूकसुद्धा पोटात घातली पोरीनं." लोक उभे राहून टाळ्या वाजवायला लागले. माय पहिल्या रांगेत बसून होती, गळ्यात हात अडकवलेला.

आणखी एक आहे. ते लिहायचं टाळत होते. बातमी बघून पुण्याच्या एका कंपनीनं मला खेळाचा खास पाय द्यायचं कबूल केलं. तीस तारखेला मापं घ्यायला बोलावलंय. त्यांचं पत्र आलं त्याच दिवशी मी तुझा पहिला फोन टाळला. मापं होईपर्यंत गप्प राहायचं, असं मी ठरवलं होतं. मायचा हात मोडला तरी ठरवलेलं मोडलं नव्हतं. सत्कारात बोलले तेव्हासुद्धा मनात होतं की गंगापूरचं पुण्याला कोण सांगतंय.

काल संध्याकाळी माय म्हणाली, "त्या टीव्हीत भालं पडलेलं दावलंच नाय. कुठवर गेलं व्हतं?"

म्हटलं, "एकतीस मीटर."

"मीटर मला काय कळतंय?"

तिला इमारतींमागं उरलेल्या मोकळ्या प्लॉटवर नेलं. तिला एका टोकाला उभं केलं आणि पावलं मोजत गेले. थांबून हाक मारली तर ती आलीच चालत, सावकाश, सगळं अंतर. माझ्यापाशी पोचून मागं वळून बघितलं. म्हणाली, "लई लांब हाय की. इतकं फेकलंस, आन् मला कुनी सांगितलंच नाय."

बातमी बघितल्यापासून तिच्याबद्दल माय एवढंच बोलली आहे.

तेव्हा ऐक. कंपनीला मी आज सगळं खरं लिहून कळवलं. पाय द्यायचा की नाही, ते त्यांनी ठरवावं. नाही दिला तर आहे त्याच पायावर टाकीन. तू कॅमेरा घेऊन ये. मी माझ्या तोंडानं सांगते की मी खोटं बोलले. तुला नोकरीत त्रास होईल, हे मला कळतं. तुझ्यावर मी काही ढकलणार नाही, पण तुझ्यासाठी काही लपवणारही नाही. माझं बोलणं गंगापुरात कुणी खरं मानलं नाही, तुझ्या टीव्हीवरचं मानतील.

चार मिनिटं नकोत, एक पुरे. त्यात तिचं नाव मात्र घे, आणि तिला बिचारी म्हणू नकोस.

'तुझीच' असं लिहायला हात उचलला होता, पण ते तुझं उत्तर आल्यावर लिहीन. आज फक्त,

सारजाबाईची
सुरेखा